पूर्वेची जाळरेषा

आग कुंपण ओलांडून ऑर्व्हल टॅकेटच्या रानात शिरली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पावणेतीनला ती विझलीही. पण तेवढ्या वेळात म्हाताऱ्याच्या मधमाश्यांच्या चौदा पेट्यांपैकी नऊ जळाल्या.

वर्न किंकेडने पाठीवरचा पाण्याचा पंप उतरवला आणि तो तिथेच उभा राहिला. कुंपणाअलीकडच्या सरकारी शिकाररानाची देखभाल एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती. दर मार्चमध्ये वारा बघून, तुकडा आखून तो जुनं गवत जाळायचा. मग नवे कोंब फुटायचे, लावे आणि टर्की परत यायचे, आणि नोव्हेंबर लागला की त्यांच्यामागे शिकारी. इतक्या वर्षांत आग कधी रेषेबाहेर गेली नव्हती.

पेट्यांमधलं मेण वितळून वाहत होतं. धुराला गोड वास येत होता. सकाळी मेपलच्या फुलांवर गेलेल्या माश्या आता परतू लागल्या होत्या. पेटीचं दार जिथे असायचं त्या उंचीवर, रिकाम्या हवेत, त्या घिरट्या घालत होत्या.

ऑर्व्हल उरलेल्या पाच पेट्या एकेक उघडून बघत राहिला. तो एक्याऐंशी वर्षांचा होता. आपल्या कुंपणाला लागून जाळ घालायला त्याने नेहमीच विरोध केला होता. या हिवाळ्यात वर्नने त्याच्या स्वयंपाकघरात बसून, तीन कप कॉफी पिऊन, त्याला राजी केलं होतं. "आग अडवायला दहा फुटांची जाळरेषा काढतो, टॅकेट. गवताची काडी ठेवत नाही मध्ये," असं म्हणाला होता.

तासाभराने जिल्ह्याच्या ऑफिसातून जोलीन रुडर आली. ती वर्नची वरिष्ठ, पण वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान.

"वारा किती होता?"

"ताशी आठ मैल. मध्येच एक झोत आला, पंधराचा असेल."

हे खरं होतं.

"आणि ही रेषा?" तिने बुटाच्या टोकाने राख उकरली. "इथे गवत होतं का, वर्न? राख फार दिसतेय."

तिच्या हातातल्या कागदावर वर्नच्याच अक्षरात लिहिलं होतं: पूर्व बाजू, कापून खरवडून साफ, बारा फेब्रुवारी. बारा फेब्रुवारीला ट्रॅक्टर याच कोपऱ्यात चिखलात रुतला होता. शेवटचे दोनशे फूट राहिले. कागद दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, म्हणून जमीन वाळली की येऊ असं ठरवून त्याने त्याच संध्याकाळी 'साफ' असं लिहून टाकलं. जमीन पुढच्याच आठवड्यात वाळली. मग पुलाची फळी निखळली, मग गाड्या लावायच्या जागेवर खडी टाकायची होती, मग काय होतं ते त्यालाही आता आठवेना.

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत पलीकडून ऑर्व्हल म्हणाला, "साफ होती, बाई. मी माझ्या ओसरीवरून बघत होतो. दिवसभर ट्रॅक्टर घेऊन इथेच होता हा."

"पार या कोपऱ्यापर्यंत?"

"पार. ताट मांडून जेवायला बसावं अशी साफ."

जोलीनने वर्नकडे पाहिलं. वर्न आपले हात बघत होता. नखांत काजळी भरली होती. तिने पुन्हा एकदा पायाखालच्या राखेकडे पाहिलं. मग तिने आगीच्या अहवालाचा कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"मग वाऱ्याचा झोत, असं लिहिते. सही करा इथे."

वर्नने सही केली.

"नुकसानीचा अर्ज मी उद्याच पाठवते, मिस्टर टॅकेट," ती म्हणाली. गाडी रानातल्या रस्त्याने गेली, तिच्यामागे धूळ उठली आणि बसली.

वर्न कुंपणापाशी गेला. "तुम्हाला ते गवत दिसलं असणार," तो म्हणाला.

"रोज दिसायचं. महिनाभर." ऑर्व्हलने एक लाकडी चौकट उचलून उन्हाकडे धरली. "म्हटलं, येईल. विसरणाऱ्यातला नाही हा."

"मग तिला खोटं का सांगितलंत?"

म्हाताऱ्याने चौकट पेटीत परत बसवली. ती जरा अडकत होती, म्हणून हळूच दाबली.

"मला वाटलं, तू मध्येच बोलशील, लेका."

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर वर्नला बरं वाटलं असतं.

वर्नने खिशातून फोन काढला. चार पावलं बाजूला गेला, आणि मग परत फिरून कुंपणापाशीच येऊन उभा राहिला.

"काय हो वर्न, काही राहिलं का?" जोलीनने फोनवर विचारलं. मागे गाडीचा आवाज येत होता.

"राहिलं. पूर्वेची रेषा मी पूर्ण केली नव्हती. शेवटचे दोनशे फूट सोडले होते, आणि कागदावर साफ लिहिलं. आग तिथूनच गेली. म्हातारा मला सांभाळून घेत होता, त्याला यात ओढू नका. मला ठाऊक असून मी सही केली."

ऑर्व्हल पेटीवर वाकलेला होता, पण त्याचे हात थांबले होते.

"थांबा," जोलीन म्हणाली. "गाडी बाजूला घेते."