सैल खुंट्या

"वकीलसाहेबांना स्टूल आवडलं का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय! असं काम आता कुठे मिळतं म्हणाले," मुलाने ठोकून दिलं.

वकील बिकील कुणी नव्हता. या सुतारखान्याकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवून वर्ष उलटलं होतं. पण आजारपणानंतर डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कामात जीव रमला तर म्हातारा टिकेल. मुलाने ते गाठीशी बांधलं. बाप जाईल या धास्तीने पन्नाशीचा हा गडी लहान पोरासारखा भेदरला होता.

मग काय, खोट्या ऑर्डरी सुरू झाल्या. शिसवाचा शेवटचा साठा काढून बापाने टेबल केलं. बाप दुपारी आडवा झाल्यावर मुलाने मागच्या खोलीत ते उकललं, फळ्या कापल्या, रंधा मारून नव्यासारख्या केल्या आणि पुढची ऑर्डर आली म्हणून बापापुढे ठेवल्या. टेबलाची खुर्ची झाली. खुर्चीचं उंच स्टूल. आणि त्या स्टुलाचं आता पाय ठेवायचं बुटकं स्टूल होत आलं होतं.

बापाला खिळा आणि सरस वर्ज्य. पायाच्या टोकाला तासलेली चूळ वरच्या फळीच्या भोकात बसवायची आणि आडवी लाकडी खुंटी ठोकायची. टेबलाच्या खुंट्या काढताना मुलाला घाम फुटला होता. उंच स्टुलाच्या मात्र एकेका टोल्यात निघाल्या. बापाच्या हातातलं बळच गेलं, असं वाटून तो भिंतीकडे तोंड करून रडला होता.

सुनेने दोनदा सांगून पाहिलं, मामंजींची बोटं सुजलीत, पटाशी धरली की कण्हतात, पुरे करा आता. त्याने तिला गप्प केलं. काम हेच त्यांचं औषध, तुला काय कळतंय!

बुटकं स्टूल संध्याकाळी पुरं झालं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हाताऱ्याने त्यावरून तळहात फिरवला.

"हे कुणाचं?"

"शाळेतल्या बाईंचं."

"बरं. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तूच ने."

म्हातारा झोपल्यावर मुलाने मागच्या खोलीचं दार लोटलं आणि खुंट्या ठोकायची मोगरी उचलली. तिची गरजच पडली नाही. खुंटी बोटाने ढकलताच बाहेर आली. त्याने पाय ओढून काढला, तर चुळीवर पेन्सिलीची थरथरती अक्षरं होती.

'एकाच लाकडाच्या चार वस्तू झाल्या.'

त्याने दुसरा पाय काढला.

'खुंट्या सैल ठेवतो. तुला त्रास नको.'

तिसरा.

'तुझा धीर सुटू नये म्हणून करत होतो.'

चौथा पाय काढायला त्याला बराच वेळ लागला.

'हात फार दुखतात रे. आता थांबू का?'