नववी ओळ

कचरूनानांनी समाधानची कॉलर धरली तेव्हा खाली टेम्पोवाला तिसऱ्यांदा हॉर्न देत होता. सामान भरून झालं होतं. नानांचे हे भाडेकरू वाघोलीला निघाले होते.

“हे भोक काय उंदरानं पाडलं?” नानांनी त्याला बाथरूमच्या दाराशी ओढत नेलं. दाराची खालची फळी आतल्या बाजूला फुटली होती. “आणि ओट्याला तडा? बेसिनवरचा आरसा काय गिळलात?”

“काका, कॉलर सोडा. आम्ही राहायला आलो तेव्हाही असंच होतं.”

“असंच होतं! मग अकरा महिने तोंड शिवलं होतं? लिहून दिलंय कुठे?”

“लिहिलंय. तुमचीच सही...”

“नंदाचं घर आहे हे. वीस वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं तिनं. एक ओरखडा नव्हता. ती गेली आणि तुम्ही तिच्या घराची ही दशा केलीत!”

समाधानने कॉलर सोडवून घेतली आणि तो हॉलमध्ये आला. नाना मागोमाग आले. रिकाम्या घराला लावायचं नवं कुलूप त्यांच्या मुठीत होतं. त्याच मुठीनं त्यांनी समाधानच्या भुवईवर हाणलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. नानांनी पुन्हा हाणलं. भिंतीवर रक्त उडालं.

समाधानची बायको दीक्षा स्वयंपाकघरातून धावत आली आणि मध्ये पडली. तिसरा फटका तिच्या दंडावर बसला. ती ओरडली नाही. ओढणीचा बोळा करून तिनं नवऱ्याच्या भुवईवर दाबला, त्याचा हात त्यावर ठेवला आणि आत गेली. ओट्याखालच्या कपाटाचं दार वाजलं. दाराला आतून चिकटवलेला कागद काढून ती बाहेर आली.

“काकूंनी लावला होता,” ती म्हणाली. “आम्ही आलो त्या दिवशी दोघींनी घरभर फिरून लिहिलं. नाहीतर नंतर तुझ्यावर येईल, म्हणाल्या. मी सही केली. तुमची राहिली. त्यांनी दोनदा आठवण केली, तुम्ही उद्या बघू म्हणालात. आठवड्यात त्याच गेल्या. मग मी कुठल्या तोंडानं सही मागायची? गरज पडली तरच काढ, असंही म्हणाल्या होत्या.”

नानांनी कागद घेतला नाही. ती वाचायला लागली.

“एक. बाथरूमचं दार, खालची फळी फुटलेली. कारण, ह्यांचा राग. दोन. ओट्याला तडा. कारण, ह्यांचा राग. तीन. गॅलरीतला नळ गळतो. कारण, जुना. चार. बेसिनवर आरसा नाही. कारण...”

“पुरे.”

“आठ आहेत,” दीक्षा म्हणाली, आणि आठही वाचले. नळ तेवढा जुना होता.

नाना बाथरूमच्या दाराकडे बघत राहिले. त्या दाराची कडी आतून लागत होती.

“काका, मला याला टाके घालायला न्यायचंय,” दीक्षा म्हणाली. “तेवढी सही करा.”

नानांनी कुलूप खाली ठेवलं. बोटं पँटला पुसली आणि कागद घेतला. नंदानं पट्टीनं रेघा मारल्या होत्या. काय, कुठे, कारण, असे तीन रकाने. नवव्या ओळीत नुसता आकडा होता. पुढे कोरं.

सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं त्यांनी असेच तक्ते भरले होते. कागद गुडघ्यावर ठेवून ते समाधानच्या समोर फरशीवर बसले. खिशातलं पेन काढलं. नऊच्या पुढे लिहिलं, रक्त. मग, हॉलची भिंत.

तिसऱ्या रकान्यात पेन थांबलं. वर नंदाचं अक्षर होतं, शाळेतल्या मुलीसारखं सरळ.

खाली हॉर्न वाजला.

‘वरीलप्रमाणे,’ नानांनी लिहिलं, आणि सही केली.