लिंबाखालची जागा

चंद्रव्वा चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या चौकोनात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता मारा कुदळ. बगू या."

खोदणारे गडी हसले. बिल्डर पंचाक्षरी मात्र कपाळाला हात लावून उभा राहिला. तीन मजली इमारत झोकात उभी राहिली होती, पण गटारीची लाइन काही अजून कुंभारीच्या रस्त्याला पोचली नव्हती. मग सेप्टिक टँक बांधायचा आणि त्यातलं पाणी शोषखड्ड्यात जिरवायचं, असं इंजिनिअर हरिदासनं ठरवलं. खड्ड्याला त्यानं जागा काढली ती नेमकी या कडुलिंबाखालची.

"आजी, इकडं उतार आहे, विहीरही लांब पडते," हरिदास म्हणाला. "एवढा लिंब तोडला की झालं काम."

"लिंबाला हात लावशील तर याद राख!"

"पण का?"

का म्हणे! इतकी वर्षं चंद्रव्वानं हे कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. पण आता घाण पोराच्या डोक्यावर येऊन टेकली होती. गप्प बसून कसं चालेल?

"हितं माजं लेकरू हाय," ती म्हणाली. "पाचवीसुदिक पुजली न्हाय त्याची."

तेव्हा इथं त्यांचं रान होतं. आपलं गेलेलं माणूस आपल्या रानात ठेवायचं, ही घरची रीत. ती बाळंतिणीच्या खाटेवर. नवऱ्याला, वीरभद्रप्पाला, तिनं एवढंच विनवलं होतं, लेकराला ऊन लागू देऊ नका, लिंबाखाली ठेवा. तो अंधार पडल्यावर आला आणि 'ठेवलं' म्हणाला. तेव्हापासून दर सोमवारी तिनं लिंबाच्या बुडाशी दिवा लावला. दुसरं मूल झालंच नाही. बहात्तरच्या दुष्काळात नवराही गेला, रान कसायला कुणी उरलं नाही, म्हणून शेवटी म्हातारपणी जागा पंचाक्षरीला दिली. बदल्यात तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, त्याही लिंब दिसेल अशाच.

"अव्वा, किती वर्षं झाली त्याला," पंचाक्षरी दबकत म्हणाला. "मातीत आता काय उरलं असणार?"

"तुज्या आईला इचार जा, काय उरतं ते."

पंचाक्षरीनं हात टेकले. खड्डा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, बोरीच्या झाडापाशी गेला. पाइप लांबवावे लागले, विहीरही तिथून जवळ आली. बिऱ्हाडकरूंनी म्हातारीच्या नावानं बोटं मोडली. मोडू देत! सगळ्या इमारतीच्या संडासांचं पाणी बोरीकडं जाऊ लागलं आणि चंद्रव्वा लिंबाखाली पोतं अंथरून खुशाल ज्वारी निवडू लागली. लेकराला दोन दिवस पोटभर दूधही पाजता आलं नव्हतं. एवढं तरी केलं आपण त्याच्यासाठी, असं मनात आलं की तिचा ऊर भरून येई.

दिवाळीनंतर अक्कलकोटहून धाकटा दीर संगप्पा आला. चहा देता देता तिनं सगळी हकीकत त्याला सांगितली. फक्कीत कशी बसले, इंजिनिअरची बोलती कशी बंद केली, अगदी हात नाचवून सांगितलं. संगप्पाची बशी ओठापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"काय वो भावजी, असं काय बगताय? चुकलं का माजं?"

"न्हाय वैनी." त्यानं बशी खाली ठेवली. "बोरीपाशी घेतला म्हणता खड्डा?"

"व्हय. मीच उबी ऱ्हाऊन घ्यायला लावला की."

संगप्पाच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"बोला की वो! जीव घाबरा करू नका माजा."

"अण्णानं शपथ घातली हुती मला. बाळंतिणीला सांगू नगं म्हणला."

"काय सांगू नगं?"

"लिंबाखाली मुळ्याच मुळ्या लागल्या, वैनी. पहार जाईना. झाडावर कुऱ्हाड घालायला अण्णाचा हात उचलंना, दीस बी बुडाय लागला. मग लेकरू तसंच उचललं, आन् बोरीपाशी जमीन मऊ हुती, तितं ठेवलं."