सहावी खुर्ची

बहिणीच्या लग्नात पुष्करने प्रत्येक टेबलाशी मोजून पाचच खुर्च्या मांडायला लावल्या होत्या. साखरपुड्याला तीन ओळखीच्या बायकांनी एकत्र बसून सोयरीक मोडत आणली होती, आणि तीन अनोळखी पाहुणे रुसून न जेवता गेले होते.

त्याची बायको प्रांजली गणित शिकवायची. ती म्हणाली, "सहा जण बसले की तिघं तरी एकमेकांच्या ओळखीचे निघतात, नाहीतर तिघं एकमेकांना अनोळखी. कसेही बसव, टळत नाही. पाचांत टाळता येतं."

तरी सुधाआत्याच्या टेबलाशी सहावी खुर्ची होतीच. पुष्करने ती उचलून दाराबाहेर ठेवली. वळून पाहतो तर ती पुन्हा तिथेच.

त्याला वाढप्याचा संशय आला. पण वाढपी म्हणाला, "भैया, हमने तो पाँच ही लगाई थीं."

भलताच कुणी येऊन बसण्याआधी आपणच बसावं, म्हणून पुष्कर टेकला. खुर्ची कोमट होती.

ज्या आत्याने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तिने त्याच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि अदबीने विचारलं, "आपण मुलाकडचे का?"