थोरलीची काच

धाकटीनं व्हिनेगरमध्ये भिजवलेले कागदी रुमाल शॉवरच्या काचेवर एकेक करून चिकटवले आणि बाहेर ओरडून सांगितलं, "अर्धा तास कुणी आंघोळीला जायचं नाही."

"कालही हेच म्हणालीस," नवरा म्हणाला. "आता काय आंघोळीला वहिनीकडे जाऊ?"

"जा ना. तिथली काच तर प्रदर्शनात ठेवण्यासारखी आहे म्हणे."

सगळं एका फोनपासून सुरू झालं होतं. सासूबाई आलटून पालटून दोन्ही सुनांकडे राहत. या वेळची थोरलीकडची पाळी कधीच संपली होती, पण त्या परतायचं नाव काढत नव्हत्या. धाकटीनं फोन करून विचारलं, "आई, कधी येताय?"

"बघू गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि हिच्या बाथरूमची काच बघायला ये एकदा. आहे की नाही तेच कळत नाही!"

धाकटीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. तिच्याकडे राहत असताना सासूबाईंनी तिच्या बाथरूमबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

वर ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. काचेवरचे पांढरे डाग म्हणजे जड पाण्यातला चुना आणि तो आम्लानं सुटतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी मन मारून तिनं थोरलीला कृती विचारली.

"काही नाही गं, स्वयंपाकघरातलंच," थोरली म्हणाली. "खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचं. फेस आला की फासायचं."

"एकत्र? अहो ताई, ती दोघं एकमेकांना मारतात. फेस जिरल्यावर मागे जे उरतं ते जवळपास नुसतं पाणीच."

"असेल बाई. तुझं शिक्षण जास्त."

नुसतं पाणी फासून काच चमकते? थोरली काहीतरी लपवत होती, यात धाकटीला शंका उरली नाही. एक तर बाजारातलं जहाल आम्ल, नाही तर पाण्याचा थेंब टिकू न देणारा तो महागडा लेप.

तोवर ती आपल्या पद्धतीनं लढत राहिली. आधी व्हिनेगर, मग ते धुऊन साबणाच्या थरावर सोडा. नळाला अर्धं लिंबू आणि मीठ. नळ लखलखला. त्या आनंदात तिनं लिंबू खिडकीच्या संगमरवरी कठड्यावर ठेवलं आणि विसरली. सकाळी तिथे एक खरखरीत, निस्तेज वर्तुळ उमटलं होतं. संगमरवरही त्याच चुन्याचा असतो, हे ती दरवर्षी मुलांना शिकवायची.

"आई कुठे राहणार याचा काचेशी काय संबंध?" नवऱ्यानं वर्तुळावरून बोट फिरवत विचारलं. "मला काळजी एकच. जिन्यात ती एकदा पडली आहे. पुन्हा कुठे पडली, तर सरळ वृद्धाश्रम. तिथे नर्स तरी असते. आईला आणि वहिनीला तसं सांगूनही टाकलंय मी."

"थोरलीकडे कशाला पडतील? तिथे तर सगळं आदर्श!"

रविवारी दोघं थोरलीकडे गेली. मोठे भाऊजी बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. दोघी एकाच ताटलीतले शेंगदाणे सोलत बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या. धाकटीला तेही सहन झालं नाही. सासूबाईंच्या स्वेटरची बाही वर सरकली होती. कोपराखाली नव्या, गुलाबी कातडीचे ओरखडे दिसले.

"आई, हे काय?"

"पेला फुटला गं हातात," थोरलीनंच उत्तर दिलं.

बाथरूम तिनं दारातूनच दाखवलं. "आत नको येऊस, फरशी ओली आहे."

स्टीलच्या चौकटीत काचेवर एक डाग नव्हता, एक बोट उमटलेलं नव्हतं. पलीकडच्या फरशांच्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. धाकटी बघतच राहिली. बाहेरचं पायपुसणं मात्र पार चिंब होतं. चला, तेवढा तरी गबाळेपणा, असं म्हणत तिनं मनाचं समाधान करून घेतलं.

चहा झाल्यावर थोरली कप विसळायला गेली. धाकटी गुपचूप बाथरूममध्ये शिरली आणि शॉवरखाली जाऊन उभी राहिली. परीक्षा सोपी होती. पाणी गोल थेंब होऊन घरंगळलं, तर लेप. पसरलं, तर साधी काच. मग काय निघेल ते सासूबाईंच्या समोर, सगळ्यांच्या देखत बोलायचं.

तिनं नळाखाली ओंजळ भरली आणि पाणी काचेवर फेकलं.

पाणी पलीकडच्या पायपुसण्यावर जाऊन पडलं.

तिनं पुन्हा फेकलं. पुन्हा पायपुसण्यावर. मग तिनं हात पुढे केला. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. चौकटीच्या खालच्या खाचेत साखरेच्या दाण्याएवढे काचेचे दोन कण चमकत होते.

तिनं वर पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. दुसऱ्या हातानं त्या स्वेटरची बाही खाली ओढत होत्या. मागे थोरली, हातात ओला कप.

"काय गं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली. "सापडलं का वहिनीचं गुपित?"

धाकटीनं हात अलगद मागे घेतला.

"अरे, काही गुपित नाही," ती म्हणाली. "खायचा सोडा आणि व्हिनेगर. एकत्र करूनच लावायचं असतं."