पायी आलात ना?

"जिना चढून आलात?" अर्जावरची नजर न काढता साहेबांनी विचारलं.

दारातल्या माणसाने नुसती मान हलवली. बोलायला श्वास उरला नव्हता. खांद्यावरची जड पिशवी त्याने खाली ठेवली, तशी ती खणखणली. खुर्चीत बसून त्याने खिशातला पंप दोनदा ओढला.

"चारही मजले. पंचवीस मिनिटं लागली."

"पण पोहोचलात."

"पोहोचलो."

साहेबांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं. दम्याला दिव्यांगत्व म्हणायचं की नाही, यावर नियमावलीत सतरा पानं होती आणि एकाही पानाने स्वतःला कुठे अडकवून घेतलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी लिफ्ट बंद पडली आणि साहेबांना कसोटी सापडली. वर आला तो धडधाकट, नाही आला तो गैरहजर. दोघांचेही अर्ज नामंजूर. टेबल कसं आरशासारखं लख्ख!

"वीस वर्षांचा दमा आहे, साहेब. दाखला मिळाला तर कंपनी वर्कशॉपमध्ये बसवेल. नाहीतर रोज हेच. माझं कामच असं आहे, जिथे जिने चढण्यावाचून इलाज नाही तिथेच मला धाडतात. आजही इकडे काम होतं, म्हणून तारीख आजचीच मागून घेतली."

"अहो, जिने मीही चढतो!" साहेबांनी टेबलाखाली गुडघा चोळला. "भोपळा झालाय नुसता. मी मागितला का दाखला?"

"मागितला होता की," कोपऱ्यातल्या कारकूनबाई टाइप करता करता म्हणाल्या. "वरून नामंजूर होऊन आला."

"बाई, तुम्ही टाइप करा. आणि त्या लिफ्टवाल्यांना फोन लावा."

"लावला. आज नक्की म्हणालेत."

"रोजच नक्की असतं त्यांचं."

माणूस जरा विचारात पडला. "म्हणजे साहेब, माणूस कसाही का होईना, वर पोहोचला की बिघाड धरायचा नाही?"

"बिघाड असेल हो. पण काम अडलं का? नाही ना? मग संपलं."

"हे लेखी मिळेल?"

"का नाही मिळणार?" साहेबांनी झोकात लिहिलं, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

माणसाने तो दोनदा वाचला. चेहऱ्यावर राग नाही, रड नाही. साहेबांना त्याचं कौतुकच वाटलं. असा समजूतदार अर्जदार विरळा.

मग माणसाने पिशवीतून छापील वही काढली, साहेबांचा कागद शेजारी ठेवून जपून काही उतरवलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"इथे एक सही लागेल साहेब, तुमची."

साहेबांनी चष्मा सावरून वाचलं:

"तक्रार: लिफ्ट तीन आठवडे बंद. मेकॅनिकचा शेरा: जागेवर जाऊन पाहणी केली. माणसं चौथ्या मजल्यावर स्वतःच्या पायांनी पोहोचतात. सबब बिघाड ग्राह्य नाही. तक्रार निकाली."