रोजचे चार अक्रोड

"सूनबाई, मी घड्याळजी आहे, खारूताई नाही!" म्हातारे कडाडले आणि अक्रोडांची परडी त्यांनी दूर ढकलली. "बाजारात सोललेले मिळतात, ते आण."

"त्यांना खवट वास येतो, बाबा. फोडल्याबरोबर खाल्ले तरच गुण येतो." सुनेनं ऑफिसची पिशवी खांद्याला अडकवली. "पोरीला पाढे आठवत नाहीत. अक्रोड मेंदूला चांगले, हृदयाला चांगले. रोज चार. मला सकाळी वेळ कुठे आहे?"

"मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला! मग केळं खाऊन पोरगी वाकडी होणार का?"

समोर बसलेली नात खुदकन हसली. अखंड बडबडीमुळे तिला सगळे टिटवी म्हणत.

अर्धांगवायूचा झटका आल्यावर म्हातारे दुकान बंद करून मुलाकडे राहायला आले होते, तेव्हापासून त्यांना सगळ्याचाच राग येई. चाळीस वर्षं ज्या उजव्या हातानं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याला आता सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. म्हाताऱ्यांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" बाई पुन्हा आल्या नाहीत.

पण नातीचा प्रश्न होता. डाव्या हातात अक्रोड धरला, की अडकित्त्याचा दांडा दाबायला उजवाच उरे. पहिला अक्रोड फुटायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी अक्रोडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"चुरा नको हं, आजोबा. अख्खी पाकळी हवी."

"नखरे बघा महाराणींचे!" चरफडत त्यांनी दुकानातला जुना बारीक चिमटा शोधून काढला. एकेक पाकळी सोडवून ते डबीत टाकत. टिटवी हात न लावता डबी पुढे करी आणि झाकण लावून दप्तरात ठेवी. शाळेत खाते म्हणे.

"तेर साती?"

"ब्याण्णव!"

"एक्याण्णव, गाढवे! मी चेंडू कधी फेकला ते विचारलं तर?"

"मंगळवारी, सव्वादहाला."

म्हातारे नकळत मऊ होत. "ऐक. तेरा दाहे एकशेतीस. त्यातून तीन तेरा काढ. एकोणचाळीस गेले. किती उरले?"

टिटवी मान हलवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्याण्णव म्हणे.

दीड महिना असा गेला. एका दुपारी पाढ्यांचं पुस्तक शोधताना म्हाताऱ्यांना कपाटात मागे दडवलेली काचेची मोठी बरणी दिसली. त्यांनी ती डाव्या काखेत आवळली आणि संतापानं झाकण पिळून काढलं. आत अक्रोडाच्या पाकळ्या. गळ्यापर्यंत.

संध्याकाळी सून दारातून आत आली, तेव्हा उघडी बरणी टेबलावर होती.

"एकही खाल्ला नाही कार्टीनं! मी इथे बोटं झिजवतोय, आणि तुम्ही मायलेकी माझी थट्टा करता? तुला माहीत होतं ना?"

"हो." सुनेनं चपला काढल्या. "अक्रोडानं तिचा घसा सुजतो, बाबा. लहानपणापासून. आणि पाढे तिला तीसपर्यंत पाठ आहेत."



सुनेनं टेबलावरचं झाकण उचललं. "हे मला दोन्ही हातांनी निघत नाही. रोज ह्यांना हाक मारावी लागते. तुम्ही कुठल्या हातानं काढलंत?"